स्वयंसेवक सज्ज, निर्वासितांना मात्र मज्जाव

अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात 'ट्री ऑफ लाइफ' सिनेगॉगच्या इमारतीत २७ ऑक्टोबर २०१८ रोजी, शनिवारच्या प्रार्थनेच्या वेळी एका बंदूकधाऱ्याने ११ ज्यू भाविकांची हत्या केली. त्या देशातील ज्यूंवरचा हा आजवरचा सर्वांत भीषण हल्ला. हल्लेखोराने काही मिनिटे आधी इंटरनेटवर आपला राग ज्या संस्थेवर ओकला होता ती होती 'हायस', म्हणजे निर्वासितांचे पुनर्वसन करणारी जुनी ज्यू संस्था. त्या इमारतीत तीन वेगवेगळ्या मंडळींची प्रार्थना होत असे. त्यांपैकी 'दोर हदाश' ही मंडळी आठवडाभरापूर्वीच हायसच्या 'निर्वासितांसाठी शब्बाथ' या उपक्रमात सहभागी झाली होती आणि सहभागी सिनेगॉगांची यादी हल्लेखोराने पाहिलेली होती. परक्यांना मदत करणे हाच त्याच्या लेखी गुन्हा होता. २०२३ मध्ये त्याला मृत्युदंड ठोठावण्यात आला.

या हल्ल्यानंतर सिनेगॉग परक्यांसाठीची आपली दारे मिटून घेतील, अशी भीती होती. घडले उलटेच. हायसला मिळणाऱ्या देणग्या वाढल्या. पिट्सबर्गमध्ये मृतांच्या कुटुंबीयांसाठी मुस्लिमांनी पुढाकार घेऊन दोन लाख डॉलरहून अधिक निधी जमवला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूल पडले आणि हजारो अफगाण अमेरिकेत पोहोचले, तेव्हा त्यांना आधार देण्यासाठी पुढे आलेल्यांत अनेक सिनेगॉगांच्या मंडळी होत्या.

या मदतीचे स्वरूप समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यात भाषणबाजीला फारसा वाव नाही. २०२१ च्या अखेरीस अमेरिकी सरकारने अफगाणांसाठी सुरू केलेल्या योजनेनुसार किमान पाच प्रौढ नागरिकांनी एकत्र यायचे, येणाऱ्या कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीमागे किमान २,२७५ डॉलर जमवायचे आणि पहिले ९० दिवस त्या कुटुंबाची जबाबदारी घ्यायची. विमानतळावर जाण्यापासून कामाला सुरुवात. मग घर शोधणे. नव्याने आलेल्या माणसाच्या नावे अमेरिकेत कर्जफेडीची कोणतीच नोंद नसते. त्यामुळे घरमालक दार लावून घेतो. तेथे गावातला ओळखीचा माणूस मध्ये पडला तरच भाडेकरार होतो. त्यानंतर खाटा, भांडीकुंडी, मुलांचे शाळाप्रवेश, लसीकरण, सोशल सिक्युरिटी क्रमांक, बसचा रस्ता दाखवणे आणि शेवटी नोकरी. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेचा एक कर्मचारी अनेक कुटुंबे सांभाळतो; येथे एका कुटुंबामागे पाच-दहा माणसे असतात. हाच या पद्धतीचा खरा जोर आहे. २०२३ च्या जानेवारीत 'वेलकम कोअर' या नावाने ही पद्धत सर्व देशांच्या निर्वासितांसाठी खुली झाली.

अर्थात, तिच्या मर्यादाही उघड आहेत. ९० दिवसांत परक्या देशात कोणी पायावर उभा राहत नाही. स्वयंसेवकांचा उत्साह आणि महिन्याचे घरभाडे यांत घरभाडेच अधिक चिवट असते. शिवाय 'आधी आपल्यांचे पाहा' हा सूर ज्यू समाजातही आहे, आणि ऑक्टोबर २०२३ नंतर स्वतःच्याच सुरक्षेची चिंता वाढल्याने तो क्षीण झालेला नाही. टेक्सासमधील कॉलीव्हिल येथे जानेवारी २०२२ मध्ये रब्बायने थंडीत आलेल्या अनोळखी माणसाला चहा दिला आणि त्याच माणसाने पुढे रब्बायसह चौघांना ओलीस धरले. सुदैवाने सर्व ओलीस वाचले. मुंबईकरांना हे वेगळे सांगायला नको. नोव्हेंबर २००८ मध्ये कुलाब्याच्या नरिमन हाऊसवर झालेला हल्ला वाटसरूंना जेवण आणि निवारा देणाऱ्या घरावरच होता.

तरीही मदत चालू राहिली. यामागे धर्माज्ञा आहे तसाच इतिहासही आहे. हायसचा उगम १८८१ चा, रशियन साम्राज्यातील हत्याकांडांतून पळालेल्या ज्यूंना न्यूयॉर्कमध्ये आधार देण्यासाठीचा. आज तिच्या मदतीवर उभे राहणारे बहुसंख्य लोक ज्यू नाहीत. मुंबईतही याच जातीचे काम झाले आहे. १९३४ मध्ये येथे 'ज्यूइश रिलीफ असोसिएशन' स्थापन झाली आणि हिटलरच्या जर्मनीतून पळालेल्यांच्या उदरनिर्वाहाची हमी तिने ब्रिटिश सरकारला दिली. ही माणसे सरकारी तिजोरीवर भार होणार नाहीत, अशी ती हमी. म्हणजे 'नागरिकांनी जबाबदारी घ्यायची, सरकारने दार उघडायचे' ही कल्पना काही वॉशिंग्टनमध्ये जन्मली नाही.

परंतु या व्यवहारात दाराची किल्ली सरकारकडेच राहते, आणि नेमका तेथेच घोळ झाला. २० जानेवारी २०२५ रोजी अध्यक्षपदाची सूत्रे घेताच डोनाल्ड ट्रम्प यांनी निर्वासितांचा प्रवेश स्थगित केला. सर्व तपासण्या पार करून विमानाची तिकिटे हाती असलेल्यांचे प्रवास रद्द झाले. पुनर्वसन संस्थांचा निधीही गोठवण्यात आला. आधीच येऊन पोहोचलेल्या, पहिले ९० दिवस पूर्ण न झालेल्या कुटुंबांसाठीचाही. वेलकम कोअर गुंडाळले गेले. हायसने दोन ख्रिस्ती संस्थांसह सिएटलच्या न्यायालयात धाव घेतली. फेब्रुवारीत तेथील न्यायाधीशांनी स्थगितीविरुद्ध आदेश दिला, पण मार्चमध्ये वरच्या न्यायालयाने तो बव्हंशी रोखून धरला. २०२४ च्या आर्थिक वर्षात एक लाखाहून अधिक निर्वासितांना प्रवेश देणाऱ्या या देशाने ऑक्टोबर २०२५ पासूनच्या वर्षासाठी मर्यादा ठेवली ७,५०० ची, आणि त्यातही प्राधान्य दक्षिण आफ्रिकेतील गोऱ्या आफ्रिकानेरांना.

बंदुकीच्या धाकाने जे थांबले नव्हते, ते एका सहीने थांबले. खासगी दानशूरपणा वाढला की सरकारला हात आखडता घेता येतो, असा एक युक्तिवाद नेहमी केला जातो. येथे तो लटका पडतो. माणसे, पैसा, रिकामी खोली, सारे तयार असताना सरकारने केवळ खर्चातून अंग काढले नाही, मदत करण्याची मुभाच काढून घेतली. एवढ्यात बरीच माणसे दुसऱ्या कामाला लागतील, आणि एकदा पांगलेले स्वयंसेवक पुन्हा गोळा करणे सोपे नसते.

जे आधीच येऊन पोहोचले, त्यांचे काम मात्र संपलेले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रशासनाने बायडेन यांच्या कारकिर्दीत प्रवेश मिळालेल्या निर्वासितांच्या प्रकरणांची फेरतपासणी करण्याचे आणि तोवर त्यांच्या ग्रीन कार्डाची मंजुरी रोखून ठेवण्याचे ठरवले. सिनेगॉगांच्या मंडळींनी ज्या कुटुंबांची घरे लावून दिली, त्यांतील अनेकजण या तपासणीच्या कक्षेत येतात. त्यांना आता खाटा आणि भांड्यांपेक्षा वकिलाची निकड अधिक आहे.