काळी चिमणी आणि पायातला काळा दोरा

विहारात सिनेमा दाखवायचा म्हटलं की आपला कार्यक्रम ठरलेला असतो. त्रिशरण-पंचशील, सिनेमा, मग कुणीतरी ज्येष्ठ कार्यकर्ता माईक घेऊन व्यवस्थेवर अर्धा तास बोलणार. टाळ्या, चहा, जयभीम. सिनेमा बघून पोरांच्या मनात काय झालं, हे कुणी विचारत नाही. मीही कित्येक वर्षं तो माईक धरलाय, म्हणून बोलतोय.

यावेळी 'फँड्री' दाखवला आणि माईक लावलाच नाही. सतरंजीवर गोल बसलो. एकच प्रश्न टाकला: जब्या काळ्या चिमणीमागे का धावतो?

उत्तर लगेच आलं, अंधश्रद्धा. चिमणी जाळून तिची राख शालूवर टाकली की ती वश होईल, असं चंक्या सांगतो आणि पोरगं माळरान पालथं घालतं. विषय संपला असता. पण कॉलेजात शिकणारी एक मुलगी शेजारच्याला म्हणाली, "मग तुझ्या पायात काय आहे रे?" काळा दोरा होता. सगळे हसले. तो शांतपणे म्हणाला, "आई दवाखान्यात होती तेव्हा मावशीनं बांधला. आता सोडायची भीती वाटते." या मुलाला बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत.

नंतर कुणी हसलं नाही. मग चर्चा खरी सुरू झाली. जब्याला शालूशी साधं बोलायचीही सोय नाही. जात मधे उभी आहे. जिथं हातात दुसरा काहीच इलाज नसतो तिथं चिमणी येते, दोराही तिथंच येतो. त्या रात्री दवाखान्यात आपल्यापैकी कोण गेलं होतं? मी तरी गेलो नव्हतो.

एका काकांना हे पटलं नाही. "विहार म्हणजे थिएटर नाही, धम्माचा विषय सिनेमावरून कशाला काढता?" त्यांचा मान ठेवून सांगतो, बाबासाहेबांनी तर खुद्द सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथा उलटतपासणीला घेतली. एकोणतीस वर्षांच्या माणसाला म्हातारा, रोगी, प्रेत पहिल्यांदाच दिसतं, हे त्यांना पटलं नाही. त्याऐवजी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांमध्ये पेटलेला वाद पुढे ठेवला. ज्या धम्मात ती कथा तपासता येते, तिथं सिनेमा तपासायला कसली अडचण? आणि 'आपल्याला श्रद्धाबिद्धा काही नको, विज्ञान पुरे' म्हणणाऱ्या मित्रांनो, एवढंच असतं तर 1956 साली नागपूरला दीक्षा घ्यायची गरज काय होती?

दोरा अजून त्या मुलाच्या पायात आहे. कुणी तो सोडायला लावायचा नाही, एवढं आम्ही ठरवलंय. पुढच्या रविवारी 'कोर्ट' दाखवतोय. सतरंज्या तोच आणणार आहे.