पानांची रात्र आणि आपली रोषणाई



पर्युषण जवळ आले की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील मंदिरांच्या आणि उपाश्रयांच्या आवारांत रोषणाईची तयारी सुरू होते. आवारातील झाडांनाही विजेच्या माळा गुंडाळल्या जातात. वनस्पतिकाय जीवांची विराधना टळावी म्हणून अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य करणारे आपण त्या झाडांच्या रात्रीचा विचार करतो का?

हिरवे पान सूर्यप्रकाशात कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा घडवते. हे कार्य करणारी विकरे पानात अहोरात्र असतात. मात्र त्यांतील काही महत्त्वाची विकरे उजेडातच कार्यरत होतात. प्रकाशामुळे हरितद्रव्यातून निघालेले इलेक्ट्रॉन फेरेडॉक्सिनमार्फत थायोरेडॉक्सिन नावाच्या लहानशा प्रथिनापर्यंत पोहोचतात. ते प्रथिन विकरांतील गंधकाचे बंध सोडवते आणि विकर जागे होते. त्याच वेळी हरितलवकातील अल्कता व मॅग्नेशियम वाढून त्यास साहाय्य करतात. बँकेची तिजोरी दोन चाव्यांशिवाय उघडत नाही, तसेच हे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील बर्कले येथे बॉब ब्युकॅनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही यंत्रणा उलगडली.

सूर्यास्तानंतर ते बंध पुन्हा जुळतात. शर्करा घडवणारी विकरे थांबतात आणि दिवसा दबून राहिलेले, शर्करा मोडणारे विकर कामाला लागते. दिवसा साठवलेल्या पिष्टावर झाड रात्र काढते. दोन्ही कामे एकाच वेळी चालली असती, तर जमा तितकाच खर्च होऊन शिल्लक काहीच उरली नसती.

यावरून रात्रिभोजनत्याग विज्ञानाने सिद्ध झाला, असे कोणी म्हणू नये. झाडातील विकरे आणि माणसाचे पचन या भिन्न गोष्टी आहेत. आपले व्रत अहिंसेवर उभे आहे; त्यास उसन्या पुराव्याची गरज नाही.

माळांचा प्रकाश अन्न घडवण्याइतका प्रखर नसतो, हे खरे. परंतु अनेक वनस्पती रात्रीच्या लांबीवरून ऋतू ओळखतात. पथदिव्यालगतच्या झाडांची पानगळ लांबल्याचेही आढळले आहे. शिवाय दिव्यांवर झेपावून मरणाऱ्या जीवांचे पातक आहेच. झाडांवरील अशा रोषणाईविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही झाली आहे. आपण मात्र न्यायालयाच्या आदेशाची वाट का पाहावी?

विश्वस्त मंडळांना नम्र विनंती : यंदा शिखर व प्रवेशद्वार उजळावे, झाडे वगळावीत आणि आरतीनंतर दिवे मालवावेत. खर्च वाचेल तो जीवदयेच्या खाती जमा करावा.