आठ बाय चारचं नागभीड जंक्शन

आमच्या धंद्यात, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, एक वाक्य दर सहा महिन्यांनी कानावर येतं. "हे सगळं फेकून देऊ आणि नव्याने लिहू." जुना कोड वाचायचा कंटाळा आला की हे सुचतं. सध्या हेच वाक्य मला घरच्यांकडून ऐकावं लागतंय, आणि तेही चक्क एका मॉडेल रेल्वेबद्दल! त्यामुळे या वीकेंडला विषय तोच.

आधी थोडी पार्श्वभूमी. माझे मोठेबाबा (वडिलांचे थोरले भाऊ) ब्रह्मपुरीला राहतात. २००४ ते २००७ या काळात त्यांनी घराच्या मागच्या खोलीत आठ फूट बाय चार फूट प्लायवर नागभीड जंक्शन उभं केलं. खाली सागाची फ्रेम, वर दोन प्रकारचे रूळ, लाकडाच्या भुशाला रंग देऊन केलेलं गवत आणि शेताच्या बांधावरून आणलेल्या वाळक्या काटक्यांचं जंगल. प्रेरणा पुण्याची. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १ एप्रिल १९९८ ला सुरू झालेलं. ते पाहून आले आणि कामाला लागले.

नागभीडच का? कारण तिथे दोन गेज भेटत होते. गोंदियाहून नागभीडमार्गे चांदा फोर्टला जाणारी लाईन नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली, पण नागपूरहून उमरेड, भिवापूर करत येणारी लाईन नॅरोगेजच राहिली. अडीच फुटाची, म्हणजे ७६२ मिलिमीटर. बंगाल नागपूर रेल्वेच्या जमान्यातली. वडसा-ब्रह्मपुरीकडच्या माणसाला नागपूरला गाडीनेच जायचं तर नागभीडला उतरून मोठ्या गाडीतून छोट्या गाडीत बसायचं. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती छोटी गाडी ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. म्हणजे आता दोन गेजवालं नागभीड फक्त फोटोत, लोकांच्या आठवणीत आणि आमच्या मागच्या खोलीत आहे.

इथे एक गंमत सांगतो, हिशेब करून बघा. एचओ स्केल म्हणजे १:८७. त्याचे बाजारात मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटरचे. गुणिले ८७ केलं की १४३५ येतात. हे झालं युरोप-अमेरिकेचं स्टँडर्ड गेज. आपलं ब्रॉडगेज १६७६. म्हणजे तयार एचओ रुळांवर भारतीय ब्रॉडगेज चालवलं की ते कायम अंगाला घट्ट कपडे घातल्यासारखं दिसणार. पण नॅरोगेजसाठी ९ मिलिमीटरचे एन गेजचे रूळ वापरले तर ९ गुणिले ८७ म्हणजे ७८३. खऱ्या ७६२ च्या अगदी जवळ! थोडक्यात, या मॉडेलमध्ये मोठी गाडी थोडी खोटी आहे आणि छोटी गाडी जवळजवळ खरी. जी गाडी प्रत्यक्षात गेली, तीच इथे जास्त अचूक उरली.

आता दुखणं. जवळपास वीस वर्षांत मॉडेलचं जे व्हायचं ते झालंय. आमच्याकडचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. ३० अंशांचा फरक पडला तर एक मीटर रूळ साधारण अर्धा मिलिमीटर वाढतो. सांध्यात फट ठेवलेली नसेल तर रूळ वाकतो. पावसाळ्यात प्लाय फुगतो. सागाच्या फ्रेमला वाळवीने तोंड लावलं नाही, प्लायचा एक कोपरा मात्र खाल्ला. रुळांवर काळपट थर चढलाय, इंजिनातलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालंय, दोन प्लॅस्टिकच्या दातेरी चाकांना चीर गेलीय. सांधे बदलणाऱ्या कॉइलपैकी तीन मेल्यात. आणि टेबलाखाली वायरींचा असा गुंता आहे की आमच्या ऑफिसातला सर्वात जुना कोडसुद्धा त्यापेक्षा शिस्तीचा वाटावा.

घरातल्या तरुण मंडळींचं म्हणणं सोपं आहे. सगळं उखडा, नवा प्लाय टाका, डिजिटल कंट्रोल बसवा, मोबाईलवरून गाड्या चालवा. शिवाय तिकडे आता ब्रॉडगेज होतंय तर इथेही नॅरोगेज काढून टाका, जागा मोकळी होईल. मोठेबाबांचं म्हणणं त्याहून सोपं. "बाबू, मले बटन दाबलं की गाडी सुटाले पाहिजे, बस."

माझं मत मोठेबाबांच्या बाजूने आहे, पण फक्त वडीलधारे आहेत म्हणून नाही.

पहिली गोष्ट, बिघाड कुठे आहे ते बघा. जुन्या पद्धतीत (डीसी) रुळातला व्होल्टेज कमीजास्त करून गाडीचा वेग ठरतो. नव्या पद्धतीत (डीसीसी) रुळात कायम पूर्ण वीज असते, त्यातूनच सांकेतिक संदेश जातात आणि इंजिनातला डीकोडर आपल्या नंबरचा संदेश उचलतो. एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवता येतात, हे झकासच. पण दोन्ही पद्धतींत वीज रुळातूनच चाकात जाते. रूळ मळका, सांधा सैल आणि वायर बारीक असेल तर जुनी गाडी नुसती अडखळते, डिजिटल गाडीचा संदेशच हरवतो. वायरिंग न सुधारता डीसीसी बसवणं म्हणजे सडक्या डेटाबेसवर चकचकीत वेबसाईट चढवण्यासारखं आहे. आयटीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको :-)

दुसरी गोष्ट, जुन्या इंजिनांत मोटरचं एक टोक बऱ्याचदा थेट चॅसिला जोडलेलं असतं. ते वेगळं न करता डीकोडर लावला तर डीकोडर जळतो. आणि ९ मिलिमीटरवाल्या इंजिनात डीकोडर ठेवायलाच जागा नाही, त्यासाठी वजन कापावं लागतं. वजन कापलं की चाकांची पकड गेली. एकदा कापलेलं परत जोडता येत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. अमेरिकेत एमआयटीमध्ये टेक मॉडेल रेलरोड क्लब आहे, १९४६ पासूनचा. आपण संगणकवाले 'हॅक' हा शब्द ज्या अर्थाने वापरतो तो या पोरांमध्ये रुळला. तिथे काही जण टेबलाच्या वरचे, डोंगर-घरं रंगवणारे. काही टेबलाखालचे, टेलिफोनच्या जुन्या रिलेंवर सगळा कारभार चालवणारे. ती खालची यंत्रणा कुणी एका दिवसात केलेली नव्हती. तुकड्यातुकड्याने बदलत, चालू ठेवत वाढवलेली होती. त्यांचं जुनं मॉडेल ज्या इमारतीत होतं ती १९९८ मध्ये पाडली गेली, आणि क्लबला नव्या जागी पुन्हा पहिल्यापासून मांडणी करावी लागली. त्यांना इलाज नव्हता. आपल्याला आहे.

म्हणून माझा प्रस्ताव असा. आधी फोटो आणि नकाशा. प्रत्येक वायरला चिठ्ठी, कुठून कुठे जाते ते वहीत. हे होईपर्यंत एकही वायर कापायची नाही. मग रूळ घासून-पुसून साफ, सांध्यांना फटी, दर तीन फुटांवर जाड वायरचा नवा जोड, खाल्लेला कोपरा तेवढाच बदलायचा. मग मेलेल्या कॉइलच्या जागी छोट्या सर्व्हो मोटर. पण मोठेबाबांचं पॅनेल, त्यावरचे हाताने रंगवलेले खटके, तसेच ठेवायचे. खटक्याच्या मागे आर्डुइनो बसवला की काम भागतं. मोठेबाबांच्या बोटांना फरक कळायचा नाही.

आणि डिजिटल? हवंच असेल तर ब्रॉडगेजच्या रुळांपुरतं करू. डीसीसी-ईएक्स नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, ते आर्डुइनोवर चालतं, मोबाईलसुद्धा जोडता येतो. मध्ये एक मोठा खटका, एका बाजूला जुनं, दुसऱ्या बाजूला नवं, मधोमध बंद. दोन्ही एकाच वेळी रुळावर येता कामा नयेत, एवढी काळजी घेतली की झालं. पोरं मोबाईलवर खेळतील, मोठेबाबा बटनावर. उद्या आमचं इलेक्ट्रॉनिक्स जुनं झालं (आणि ते त्या रिलेंपेक्षा लवकर जुनं होईल, लिहून घ्या), तर काढून टाकता येईल. खालचं मॉडेल तसंच राहील.

नॅरोगेज मात्र काढायचं नाही. यावर मी वाद घालायला तयार आहे. कुणी म्हणेल, नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे की, तिथे जा. जरूर जा. तिथे इंजिन बघायला मिळेल. पण मोठी गाडी फलाटाला लागल्यावर माणसं छोट्या गाडीकडे कुठून पळायची, पाण्याचा नळ कुठे होता, चहावाला कुठल्या झाडाखाली बसायचा, हे संग्रहालयात नसतं. ते मोठेबाबांनी स्वतः त्या फलाटावर उभं राहून पाहिलंय आणि प्लायवर मांडलंय. खऱ्या नागभीडला ब्रॉडगेज यायलाच हवं, लोकांची सोय होईल, त्यात दुमत नाही. पण खरं स्टेशन पुढे गेलं म्हणून आठवणीतलंही उखडायचं, हा कुठला न्याय?

मोठेबाबा आता पंचाहत्तरीला आलेत. टेबलाखाली वाकता येत नाही, पण कुठली वायर कशाची ते अजून तोंडपाठ सांगतात. माझ्या दृष्टीने खरी घाई इथे आहे. प्लाय, मोटर, डीकोडर बाजारात पुढच्या वर्षीही मिळतील. या दिवाळीच्या सुट्टीत ते खुर्चीत बसून सांगणार आणि मी टेबलाखाली झोपून चिठ्ठ्या लावणार, एवढं ठरलंय. सोल्डरिंगचं नंतर बघू.

तुमच्याही घरी असं काही जुनं, अर्धवट चालणारं पडलं असेल. रेडिओ, शिलाई मशीन, काहीही. उघडण्याआधी ज्याने ते सांभाळलं त्याला शेजारी बसवा आणि वही घ्या. बघा पटतंय का.