लाईन कोणी घालवली?

शनिवारी वाशिमला घरी होतो, लाईन गेली. आई म्हणाली, "डीपीवर फॉल्ट असंल." आमचा संशय तिथेच संपतो. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या, तेव्हा मात्र तो चीनपर्यंत पोचला. गलवानला चारच महिने झाले होते ना! मार्च २०२१ मध्ये गृहमंत्री अनिल देशमुख म्हणाले, सायबर घातपाताची शंका आहे. केंद्राचे ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, मानवी चूक.

मला वाटतं, सरकारं हे हत्यार निवडतात ते याचसाठी. गोळी झाडली की उत्तर द्यावंच लागतं. इथे मारणारा कानावर हात ठेवतो आणि (गंमत बघा) मार खाणाराही! युद्ध टळतं, हे बरंच. पण एका बिघाडाची दोन कारणं? आमचा साधा सर्व्हर पडला तरी असलं उत्तर चालत नाही.