आकडा खरा, निष्कर्ष खोटा

देशातील बेरोजगारीचा दर किती, या प्रश्नाचे उत्तर आज शोधयंत्र क्षणार्धात देते. अडचण अशी की उत्तरे एकाहून अधिक मिळतात आणि ती सारीच अधिकृत असतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या नियतकालिक श्रमशक्ती पाहणीच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात पंधरा वर्षे व त्यावरील वयोगटासाठी हा दर ३.२ टक्के आहे. याच कार्यालयाने १५ मे २०२५ रोजी प्रथमच मासिक आकडे प्रसिद्ध केले. त्यांत एप्रिलचा दर ५.१ टक्के होता. हे दोन आकडे शेजारी मांडले की बेरोजगारी झपाट्याने वाढल्याचा निष्कर्ष निघतो. तो चुकीचा आहे.

पहिला दर व्यक्तीच्या मागील ३६५ दिवसांतील नेहमीच्या स्थितीवरून काढला जातो, दुसरा मागील सात दिवसांच्या स्थितीवरून. सात दिवसांचा निकष लावल्यास २०२३-२४ चा दर ४.९ टक्के होता आणि तोही त्याच वार्षिक अहवालात नोंदलेला आहे. शिवाय एका महिन्याची वर्षाच्या सरासरीशी तुलना करताना हंगामाचा प्रभाव ध्यानात घ्यावा लागतो आणि जानेवारी २०२५ पासून पाहणीची रचनाही बदलली आहे. सरकारच्या समर्थकाला ३.२ सोयीचा, टीकाकाराला ५.१. दोघेही खोटा आकडा सांगत नाहीत. सांगत नाहीत ती त्या आकड्यामागची व्याख्या.

कायद्याच्या बाबतीत हा धोका अधिक गंभीर होतो. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. भारतीय दंड संहितेत खुनाची शिक्षा कलम ३०२ मध्ये होती, ती नव्या संहितेत कलम १०३ मध्ये आली. नव्या संहितेचे कलम ३०२ धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने केलेल्या उद्गारांविषयी आहे. जुन्या कायद्यावरील असंख्य लेख मात्र महाजालावर जसेच्या तसे आहेत. लिहिले गेले तेव्हा ते अचूक होते आणि १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांपुरते आजही उपयोगी आहेत. तारीख न पाहता त्यांचा आधार घेणारा वाचक मात्र फसतो. यंत्राने रचलेल्या सारांशात तर ही तारीख सहज गळून पडते.

इतिहासाच्या अभ्यासकाला ही समस्या नवी नाही. दस्तऐवज हाती आला की तो प्रथम विचारतो: हा कोणी लिहिला, केव्हा, कोणासाठी, आणि ही मूळ प्रत की नक्कल? महाजालावरील संशोधनालाही हीच शिस्त हवी. बातमीवरून प्रसिद्धिपत्रकाकडे, तेथून मूळ अहवालाकडे आणि अहवालातून व्याख्यांच्या प्रकरणाकडे जावे. कायद्याचा पाठ खासगी संकेतस्थळाऐवजी ‘इंडिया कोड’ किंवा राजपत्रात पाहावा. दहा संकेतस्थळांवर एकच आकडा दिसला म्हणून दहा पुरावे होत नाहीत. ती बहुधा एकाच बातमीची दहा रूपे असतात. आणि मूळ स्रोत सरकारी आहे, एवढ्यावर विश्वासार्हता सिद्ध होत नाही. त्याने काय मोजले आणि काय मोजले नाही, हे तपासावेच लागते.

परंतु सारा भार वाचकावर टाकणे अन्यायाचे होईल. मूळ कागद सापडला तरच तो तपासता येतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने अभिलेखांची सूची ठेवण्याचे, ते संगणकीकृत करण्याचे आणि माहिती स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य प्रशासनावर टाकले आहे. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ च्या व्याख्येत संगणकाने निर्मिलेली सामग्रीही येते. तरीही मंत्रालयाचे संकेतस्थळ नव्याने घडविले की जुन्या अहवालांचे दुवे तुटतात, परिपत्रकावर सुधारणेची तारीख नसते, तक्ते छायाचित्राच्या स्वरूपात टाकले जातात. कार्यालयातील फाइल गहाळ झाली तर चौकशी होते. संकेतस्थळावरील अहवाल नाहीसा झाला तर कोणाला जाब विचारावा, हेही ठरलेले नसते. प्रत्येक प्रकाशनाला कायमचा पत्ता, प्रत्येक आवृत्तीला तारीख आणि प्रत्येक तक्त्यासोबत व्याख्या, एवढ्या तीन गोष्टींसाठी नव्या कायद्याची गरज नाही.

हे आताच करणे निकडीचे आहे. २०११ नंतरची पहिली जनगणना १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून होत आहे आणि तीत जातींचीही मोजणी आहे. तिचे आकडे येताच आरक्षणापासून निधिवाटपापर्यंत प्रत्येक वादात ते शस्त्रासारखे वापरले जातील. प्रश्नावली, वर्गीकरणाचे नियम आणि मूळ तक्ते तेव्हा कोणालाही सहज पाहता येत नसतील, तर सर्वांत आधी फिरलेला आकडाच खरा ठरेल. तो एकदा जनमानसात रुजला की नंतरच्या खुलाशाला फारसे कोणी विचारत नाही.