झाकणाला दावं

जुनी स्पोर्ट्‌स कार घेतली की मित्रांचे सरळ दोन गट पडतात. पहिला म्हणतो, ‘सही यार, चक्कर कधी मारायची?’ दुसरा म्हणतो, ‘वेडा आहेस का? दोनच सीट!’ इथे न्यू जर्सीत आमच्या एडिसनच्या मराठी कंपूत दुसरा गट मोठा आहे. त्यामुळे माझी १९९२ची लालचुटुक माझदा मियाटा बहुतेक वीकेंडला मी एकटाच फिरवतो. तक्रार अजिबात नाही!

युरोपात एमएक्स-५ म्हणतात ती हीच. फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या मोटर शोमध्ये ती पहिल्यांदा झळकली आणि २०१६मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. वजन टनाच्या आत, डोळे मिचकावणारे हेडलाइट्‌स आणि उघडं छप्पर. जपानी इंजिनीअरांनी ती बनवताना ‘जिनबा इत्ताई’ हे सूत्र धरलं होतं, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. चालवणाऱ्याला ते लगेच पटतं. फक्त माझ्या गाडीत एक गोष्ट नव्हती. पेट्रोलच्या झाकणाला गाडीशी बांधून ठेवणारी पट्टी.

आता हे न्यू जर्सी म्हणजे मजेशीर राज्य. १९४९च्या कायद्यानुसार इथे स्वतःच्या हातानं पेट्रोल भरता येत नाही. आपल्याकडच्यासारखाच पंपावर माणूस असतो, फक्त ‘झिरो बघा साहेब’ म्हणत नाही. गेल्या जूनमधल्या एका शनिवारी मी केप मेच्या समुद्राकडे निघालो होतो. वाटेत टाकी फुल्ल केली. त्या पोरानं झाकण काढून मागच्या डिकीवर ठेवलं, पेट्रोल भरलं, कार्ड परत दिलं. मागे दुसऱ्या गाडीचा हॉर्न. मी निघालो.

पंधरा मिनिटांनी पेट्रोलचा वास यायला लागला. छप्पर उघडं, त्यामुळे आधी वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. ट्रक गेला, वास राहिला. थांबून पाहतो तर फ्लॅप उघडा, आतलं तोंड उघडं आणि डाव्या बाजूच्या रंगावर पेट्रोलचा ओला ओघळ! टाकी गच्च भरलेली, त्यामुळे वळणावर पेट्रोल हिंदकळून बाहेर आलं होतं. फुटभर अंतरावर गरम रस्ता आणि शेजारून धडाधड जाणाऱ्या गाड्या. खरं सांगतो, पाय लटपटले.

१९९६ नंतरच्या अमेरिकी गाडीत झाकण नीट बसलं नाही, तर बऱ्याचदा ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो. माझ्या म्हातारीकडे ती सोय नाही. तिचा दिवा म्हणजे माझं नाक.

एका मित्रानं फोनवर सल्ला दिला, ‘फडकं कोंब आणि ये.’ मंडळी, हे कधीही करू नका. पेट्रोल प्यायलेलं फडकं म्हणजे गाडीला लावलेली वात! मी गाडी तिथेच ठेवली, दीड मैल चालत स्पेअरपार्टच्या दुकानात गेलो आणि दोन झाकणं घेऊन आलो. पहिलं नुसतंच फिरत राहिलं. दुसरं टक्‌टक्‌ करत घट्ट बसलं. समुद्र राहिला, मी घरी.

रात्री पुण्याला फोन केला. सगळं ऐकून बाबा म्हणाले, ‘‘अरे, मग दावं बांध की त्याला! आपल्या चेतकचं झाकण कधी हरवलं का?’’

खरंच की! चेतकचं झाकण बिजागरीवरच असायचं. हरवायची सोयच नव्हती.

पुढच्या रविवारी दावं बांधलं. किंमत एका बर्गरएवढी, पण ‘काय त्यात एवढं’ म्हणून घाई केली असती तर फसलो असतो. पट्टी नायलॉनची घेतली, कारण साधं रबर पेट्रोलनं फुगतं आणि साखळी रंग खरवडते. तिची कडी झाकणाच्या मानेत अशी बसवली की झाकण फिरलं तरी पट्टीला पीळ पडू नये. कडी वायसरच्या खाली मात्र येता कामा नये. तिथे आली तर झाकण बसल्यासारखं दिसतं, पण वाफ निसटत राहते.

दुसरं टोक कुठे? ड्रिल मारायचा मोह झाला होता. पण पेट्रोलच्या तोंडाशी ठिणगी नको आणि तीस वर्षांच्या पत्र्याला नवं भोक म्हणजे गंजाला आमंत्रण. फ्लॅपच्या बिजागरीचा स्क्रू सैल केला, त्याखाली पट्टीचं टोक सरकवलं, परत आवळला. हे सगळं इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत.

लांबी आधी साध्या दोऱ्यानं मापली होती. झाकण सहज निघतं का? लटकताना रंगाला घासतं का? फ्लॅप पट्टी न चावता बंद होतो का? दोनदा दोरा कापला, तिसऱ्यांदा जमलं.

परवा पुन्हा त्याच रस्त्यानं गेलो. पंपावरच्या मुलानं झाकण काढलं, सवयीनं डिकीवर ठेवायला गेला आणि हात मध्येच अडला. त्यानं पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि झाकण सोडून दिलं. ते तिथेच लोंबकळत राहिलं.

तरीही निघण्यापूर्वी उतरून मी टक्‌टक्‌ ऐकलंच. दावं झाकण हरवू देत नाही, पण ते लावायचं काम माणसाचंच. तुमच्या गाडीचं झाकण शेवटचं कधी बघितलंत? आज पेट्रोल भरताना मोबाइल खिशात ठेवा आणि एकदा बघा.

मी या वेळी केप मेला पोचलो. समुद्र छान आहे!