हुरड्याचे दिवस आणि मागे राहणारी माणसे

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा उलटला, की आमच्या शहागंजातल्या गप्पांचा विषय बदलतो. नळाला पाणी कधी येणार हा बारमाही प्रश्न थोडा मागे पडतो आणि यंदा हुरडा कुणाच्या शेतावर, याची विचारपूस सुरू होते. मराठवाड्याला ऊन भरपूर मिळाले आहे. सुखाने बाहेर पडावे असे महिने जेमतेम तीन. घड्याळाच्या मनोऱ्यापाशी हातगाड्यांवर बोरे, पेरू दिसू लागतात, हिमायतबागेत सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी होते, शाळांच्या सहलींच्या बसगाड्या वेरूळच्या रस्त्याला लागतात. या धांदलीत घरात मागे कोण राहते, याची मोजणी मात्र कुणी करीत नाही.

तशी एक मोजणी झाली आहे. २०११च्या जनगणनेने महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद केली. आता सरकारी शब्द ‘दिव्यांग’ आहे. शब्द बदलायला सिमेंट लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, लहानपणच्या पोलिओमुळे चाकांच्या खुर्चीवर असते. शिवणकाम करते, घरखर्चाचा हिशेब तिच्याकडेच असतो. हुरड्याला मात्र ती आजवर दोनदाच आली. काळ्या रानात ढेकळांमध्ये खुर्चीची पुढची लहान चाके रुततात. मग दोन भाचे तिला खुर्चीसकट उचलतात. पण उचलण्यापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. आदल्या रात्रीपासून ती पाणी पीत नाही, कारण शेतावर तिला वापरता येईल असे स्वच्छतागृह नसते. हुरड्याच्या यादीत लसणाची चटणी, गूळ, दही असते; ही बाब त्या यादीत कधी येत नाही. बायकांच्या हे लक्षात असते, पण यादी करणारे बहुधा पुरुष.

शेत खासगी, तिथे कायदा काय करणार, असे कुणी म्हणेल. मग सरकारी ठिकाणांकडे वळू. वेरूळचे कैलास लेणे, म्हणजे क्रमांक १६चे, त्यातल्या त्यात सोयीचे. अंगणातले हत्ती आणि ध्वजस्तंभ खालून पाहता येतात. मुख्य मंदिर वर आहे आणि तिथे जिना. अजिंठ्याला टी पॉइंटपासून बस लेण्यांच्या पायथ्याशी सोडते, पुढे पायऱ्या. तिथे डोलीवाले असतात; दांड्यांना बांधलेली खुर्ची चौघे जण खांद्यावर घेतात. त्यांच्या कष्टांविषयी आदरच आहे. पण पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर किती वेळ थांबायचे, हे अक्काला ठरवता आले नाही. बाहेर चौघे ताटकळले आहेत, या जाणिवेने ती लवकर निघाली. आपल्या लयीने हिंडणे हाच सहलीतला अर्धा आनंद असतो, आणि खांद्यावरून जाणाऱ्याला नेमका तोच मिळत नाही.

प्राचीन वास्तूला हात लावू नये, हे मला मान्य आहे. अजिंठ्याच्या कातळात लिफ्ट बसवा, असे कुणी शहाणा म्हणणार नाही. म्हणूनच पायथ्याशी २०१३ साली उघडलेल्या पर्यटक केंद्राचे मोल मोठे होते. १, २, १६ आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांच्या प्रतिकृती तिथे उभारल्या होत्या. डोंगर न चढता चित्रे पाहता यावीत अशी ती सोय. पुढे वीज आणि पाण्याच्या थकबाकीपायी केंद्राला टाळे लागले. म्हणजे अक्कासारख्यांची वाट अडवली ती कातळाने नव्हे, बिलाने.

कायदा तर स्पष्टच आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक इमारतींमध्ये सांस्कृतिक आणि करमणुकीच्या जागाही येतात. त्याचे नियम जून २०१७मध्ये आले आणि जुन्या इमारतींना पाच वर्षांची मुदत मिळाली. ती २०२२मध्ये सरली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचा मूळ नियमच कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा सक्ती सांगतो आणि नियम नुसत्या शिफारशी करतो, हे चालणार नाही, असे म्हणून बंधनकारक नियमांसाठी तीन महिन्यांची मुदत दिली.

बर्फाच्या देशांनी यावर वेगळा विचार केला. अपंगांची पहिली हिवाळी पॅरालिम्पिक १९७६ साली स्वीडनमध्ये झाली. पुढे पाय नसलेल्यांसाठी बसून घसरण्याची खुर्ची आली. डोंगर तोच राहिला, खुर्ची बदलली. रुंद टायरांची खुर्ची वाळूत चालते, तशी ती आमच्या रानातल्या पायवाटेवरही चालू शकेल. आपल्याकडे रायगडावर १९९६पासून रोपवे आहे आणि गुडघे धरलेली कितीतरी म्हातारी माणसे त्यामुळे गड पाहून आली. दुसऱ्या टोकाला शिवुर्जा प्रतिष्ठानसारख्यांच्या मोहिमा. वर्षअखेरीच्या थंडीत अपंग मंडळी १,६४६ मीटरचे कळसूबाई लोखंडी शिड्यांवरून चढतात. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. मात्र त्या बातम्या वाचून, ‘जिद्द असली की सगळे जमते’ असे म्हणणारे मला खटकतात. अक्काला शिखर नको आहे. तिला सकाळच्या उन्हात तासभर बागेत बसायचे आहे.

त्याला लागते तरी किती? दोन फूट उंचीसाठी चोवीस फूट लांबीची उतरण. एकास बाराचे हे प्रमाण कुठल्याही गवंड्याला समजते. वास्तूला धक्का लागू नये म्हणून ती लाकडी आणि उचलून नेण्याजोगीही करता येते. बागेच्या फाटकावर दुचाकी घुसू नयेत म्हणून आडवे रोवलेले लोखंडी पाइप एका बाजूला तरी खुर्ची जाईल एवढे सरकवावे लागतील. आणि स्वच्छतागृहाचे दार ९० सेंटिमीटर रुंद हवे, बाहेर उघडणारे, आतून कडी असलेले. त्यात झाडू आणि बादल्या ठेवून त्याला कुलूप घालू नये, एवढे तर या हिवाळ्यातही करता येईल.